पिवळ्याच्या शेजारचे केशरी

पिवळा पळस वर्षातले अकरा महिने साधा पळसच असतो. ‘कुठेही जा, पळसाला पाने तीनच’ ही म्हण त्यालाही तेवढीच लागू. त्याच्या पानांची पत्रावळ केशरी पळसाच्या पत्रावळींत मिसळली तर पुन्हा निवडता यायची नाही. खोड तसंच वेडंवाकडं, राखी. सालीला कोयता लागला तर तसाच तांबडा डिंक पाझरतो. गुराखी त्याच्या बुडाशी बसतो, मुंजीसाठी कुणी त्याचाच दंड तोडून नेतो, आणि कुणाच्या काही लक्षात येत नाही. मग माघ सरता सरता पानं गळतात, उघड्या फांद्यांवर कळ्या गच्च बसतात, आणि एका सकाळी केशरी पेटलेल्या माळावर एकच झाड हळदीनं माखून उभं राहतं. दोन-तीन आठवडे हा सोहळा. फुलं झडली की ते परत गर्दीत शिरतं.

पौषात कुऱ्हाड घेऊन आलेल्या माणसाला ते ओळखायची काही सोय नाही. चंदनाला वास आहे, सागाला लाकडाची किंमत आहे, वडाला देव आहे. पिवळ्या पळसाकडे वर्षातला एवढासा काळ सोडला तर स्वतःची म्हणून काही खूणच नाही.

मी तो पहिल्यांदा पाहिला यवतमाळ जिल्ह्यात, मामांच्या शेताच्या धुऱ्यावर. मामा मला मुद्दाम घेऊन गेले होते, तेही आडवाटेनं, लोकांच्या डोळ्यांत येऊ नये असं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “पाहून घे. पन याचा पत्ता कोनाले सांगू नको.” मला वाटलं गंमत करताहेत. गंमत नव्हती. पिवळ्या आणि पांढऱ्या पळसाभोवती गुप्तधनाच्या, सोनं करण्याच्या, करणी-उताऱ्याच्या गोष्टी गावोगाव चिकटलेल्या आहेत. अमावास्येच्या रात्री कुणी येतं, मुळं खणतं, साल सोलून नेतं. साल बुंध्याभोवती पूर्ण गोल सोलली गेली की झाड संपलं. पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही. ज्या फुलांसाठी झाडाचा एवढा गवगवा, ती फुलं या लोकांना नकोच असतात. त्यांना हवं असतं मूळ, साल, बी, म्हणजे झाड ज्यावर जगतं ते सगळं.

जुन्या वैद्यकग्रंथांनाही रंगांचं हे वेड होतं. राजनिघंटूत फुलांच्या रंगावरून पळसाचे चार भेद दिले आहेत: तांबडा, पिवळा, पांढरा आणि निळा. पहिले तीन जंगलात सापडतात. निळा आजच्या वनस्पतिशास्त्राच्या ओळखीचा नाही, पण त्याचा शोध घेणारे हौशी लोक अजून भेटतात, आणि ते फार गोड माणसं असतात असा माझा अनुभव आहे. पिवळ्याला शास्त्रानं ब्युटिया मोनोस्पर्मा या जातीचा ‘ल्युटिया’ हा प्रकार मानलं. त्या नावामागे विट नावाच्या अधिकाऱ्याचं नाव लागतं. इंग्रजी अमलात तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या जंगलखात्यात होता. आमच्याच मुलखातला साहेब म्हणायचा, एवढंच. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “साहेबानं पत्ता छापला नाई ना?”

आता मी बंगळूरच्या येलहंक्यात राहते. बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडाच्या घराण्याचं हे मूळ ठाणं. येलहंका नाडाचे प्रभू म्हणून ते ओळखले जात. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेनं बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यामुळे मराठी माणसाला इथं परकं वाटायचं कारण नाही, अशी मी सुरुवातीला स्वतःची समजूत घालत असे. झाडांनी मात्र त्या समजुतीला कधी दुजोरा दिला नाही. बंगळूरच्या रस्त्यावरची फुलं म्हणजे जगाचा नकाशा. गुलमोहर मादागास्करचा, जॅकरांडा आणि टॅबेबुया दक्षिण अमेरिकेकडचे, पर्जन्यवृक्षही तिकडचाच. क्रुंबिगल नावाचा जर्मन बागतज्ज्ञ १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानच्या नोकरीत आला आणि एका झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा अशा बेतानं त्यानं रस्ते सजवले. पुढे १९८०च्या दशकात एस. जी. नेगिनहाळ या वनाधिकाऱ्यांनी शहरात झाडं लावण्याची प्रचंड मोहीम चालवली. पंधरा लाख झाडांचं श्रेय त्यांना देतात, आणि त्यांत देशी झाडंही पुष्कळ होती. या दोघांची मी रोजची ऋणी आहे. तरीही फेब्रुवारीत सगळं शहर टॅबेबुयाचे गुलाबी फोटो काढत असतं तेव्हा माझं मन जरा खट्टू होतं. आमच्या लेआउटमधल्या एका रिकाम्या प्लॉटच्या कोपऱ्यात पळस आहे. इथे त्याला मुत्तुग म्हणतात. तो त्याच दिवसांत फुलतो. आणि दर एक वर्षाआड त्याच दिवसांत इथल्या हवाई तळावर विमानांचं प्रदर्शन भरतं, १९९६ पासूनची प्रथा. सगळं येलहंका माना वर करून आकाशातले रंगीत धूर बघत असतं. त्या नजरा जरा खाली उतरल्या तर पळस दिसेल. उतरत नाहीत.

मामांनी एकदा पिवळ्या पळसाच्या शेंगा पाठवल्या. पळसाच्या शेंगेत बी एकच, तेही टोकाशी, चपटं, तांबूस-तपकिरी; आमच्याकडे पळसपापडी म्हणतात आणि पूर्वी पोरांना जंतांवर देत. मी त्या लांब पिशव्यांत लावल्या, कारण पळसाचं मूळ सरळ खाली धावतं. रोपं आली. पण ज्याला भराभर वाढ बघायची हौस आहे त्यानं पळस लावू नये. वर दोन पानं येतात, उन्हाळ्यात शेंडा वाळतो, पावसात परत फुटतो. आपल्याला वाटतं झाड मेलं, आणि ते तिकडे जमिनीत मूळ पोसत बसलेलं असतं. आमच्या गच्चीवरच्या कुंड्या बघायला येणारे माळी अण्णा त्या पिशव्यांपाशी थांबून विचारतात, “हळदी मुत्तुग बरुत्ता, अम्मा?” पिवळा येईल का? मी “गोत्तिल्ला” म्हणते. ते हसतात. इतक्या वर्षांत माझं कानडी फारसं सुधारलेलं नाही, पण हा एक शब्द मी अगदी खात्रीनं उच्चारते.

कारण खरंच माहीत नाही. पिवळ्या झाडाचं बी म्हणजे पिवळं झाड असं नाही. पळसाची फुलं पक्ष्यांसाठी घडलेली आहेत: रंग भडक, वास नाही, मध भरपूर. दिल्ली विद्यापीठातल्या राजेश टंडन, के. आर. शिवण्णा आणि मोहन राम या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये या झाडाच्या प्रजननाचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुलांवर मैना, बुलबुल, कोतवाल अशी कितीतरी गर्दी असते, पण परागाचं काम नेमकेपणानं करतो तो मुख्यतः जांभळा शिंजीर, आणि गंमत म्हणजे खार. शिवण्णा पुढे बंगळुरात आले आणि येलहंक्याला लागून असलेल्या जक्कूरच्या एट्री या संस्थेत काम करत राहिले. माझ्या घरापासून इतक्या जवळ पळसाचं इतकं जाणणारा माणूस आहे, हे कळल्यावर मला उगाचच ओळखीचं कुणी राहायला आल्यासारखं वाटलं. तर पळस स्वतःच्या परागावर फारसा विसंबत नाही. शिंजीर केशरी झाडावरून पिवळ्यावर जातो, पिवळ्यावरून केशरीवर. माझ्या पिशवीतल्या रोपाची आई मला ठाऊक आहे. बाप कोण, ते त्या शिंजीरालाच ठाऊक.

फुलाचा रंग ही एक लांब साखळी असते. एका द्रव्यापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं, असं पेशींत काम चालतं. पळसाच्या पाकळ्यांत ब्युट्रिन, आयसोब्युट्रिन अशी द्रव्यं आहेत. धुळवडीला आपण जो रंग उकळून काढायचो तो त्यांचाच. फुलझाडांत अशा साखळीची एखादी कडी तुटली की गडद रंगाऐवजी फिका रंग येतो, आणि असा तुटका गुण बहुतेक वेळा अप्रभावी असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच दिसतो. एकाकडूनच मिळाला तर तो आत दडून राहतो आणि झाड आपलं नेहमीच्या रंगात फुलतं. पळसाचंही तसंच असेल, तर त्याचा अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो. माळावर जे एक झाड पिवळं दिसतं त्याच्याभोवतीच्या केशरी झाडांपैकी काहींत तोच पिवळा आहे. दिसत नाही एवढंच. अशी दोन केशरी झाडं शिंजीरानं जुळवली म्हणूनच ते पिवळं झाड कधीतरी उगवलं.

म्हणजे मामा ज्याचा पत्ता लपवत होते ते झाड त्या रंगाचं एकमेव घर नव्हतं. रंग सगळ्या धुऱ्यावर वाटलेला होता.

हे एकदा डोक्यात शिरल्यावर ‘दुर्मीळ झाड वाचवणं’ या शब्दांकडे मी जरा संशयानं बघू लागले. आपण वाचवतो म्हणजे बहुतेक वेळा कलम करतो. त्यात गैर काही नाही. कलमाचं मोल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. हापूसची कोय पुरली तर रायवळ येतो, हापूस येत नाही; कोकणातली हापूसची प्रत्येक बाग म्हणजे मुळातलं एक झाड पुन्हा पुन्हा, फांदीवरून फांदीवर, पसरत आलेलं. पळसालाही हे जमतं. त्याच्या आडव्या मुळांतून नवे फुटवे येतात, आणि मुळातून आलेला फुटवा हा त्याच झाडाचा भाग असतो, रंगासकट. चोरून मूळ खणणाऱ्यांनी एक तुकडा जरी ओल्या मातीत टाकला असता तरी पुढच्या पिढीला पिवळा पळस मिळाला असता. ते कधी करत नाहीत.

आमच्या रस्त्यावर हिवाळ्यात किरमिजी-जांभळ्या फुलांनी लवणारं एक झाड आहे. त्याची गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. लोक त्याला कांचन म्हणतात, आणि ते कांचनाचंच नात्यातलं आहे. आपला रक्तकांचन आणि देवकांचन यांच्या संकरातून ते झालं. १८८०च्या सुमारास हाँगकाँग बेटाच्या किनाऱ्याजवळ, एका पडक्या घराच्या भिंतींपाशी ते एकटं उगवलेलं फ्रेंच मिशनऱ्यांना दिसलं. त्यांनी डहाळ्या आणून लावल्या. १९०८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, १९६५ मध्ये ते हाँगकाँगचं फूल झालं, १९९७ पासून तिथल्या झेंड्यावर आहे. पण त्याला शेंग धरत नाही. ते वांझ आहे. जगभर जिथे जिथे ते आहे तिथे ते त्या भिंतीपाशी उगवलेलं एकच झाड आहे. त्या मिशनऱ्यांनी डहाळी तोडली नसती तर आज कुणाला त्याची आठवणही नसती. आणि तोडली म्हणून आज ते लाखो ठिकाणी आहे, पण एकाही ठिकाणी पुढे सरकत नाही. एखादा रोग त्याच्यासाठीच म्हणून आला तर सगळीकडे सारखाच येईल. हापूसच्या गरात साका पडतो तो कलमाबरोबर असाच बागोबाग गेला.

तरी मी कलमाच्या बाजूनंच बोलेन, कारण येलहंक्याहून पंधरा-वीस किलोमीटरवर हेसरघट्ट्याला मी त्याचा चांगला चेहरा पाहिला आहे. तिथे भारतीय बागायती संशोधन संस्था आहे, १९६७ पासूनची. तुमकूर जिल्ह्यातल्या चेळूर गावच्या एस. एस. परमेश या शेतकऱ्याकडे वडिलांच्या हातचं एक फणसाचं झाड होतं. बियापासून आलेलं. फळ लहान, अडीच किलोच्या आसपास, आणि फोडल्यावर आत नेहमीचा फिकट पिवळा गर नाही, तांब्याचा लाल. फणस हे सह्याद्रीचं मूळचं झाड. बियावाटे वाढत आल्यामुळे दर झाडाचा स्वभाव वेगळा. त्या हजारोंत हे एक लाल निघालं. वडील सिद्दप्पा त्याची फळं वाटून टाकत. संस्थेनं २०१७ मध्ये परमेश यांच्याशी करार केला, झाडाला ‘सिद्दू’ हे त्या वडिलांचं नाव दिलं, कलमं बांधायला सुरुवात केली आणि कलमांच्या विक्रीतून येणाऱ्या उत्पन्नातला पंच्याहत्तर टक्के वाटा शेतकऱ्याला ठेवला. संस्थेच्या भाषेत परमेश हे त्या वाणाचे ‘पालक’. मला त्या व्यवहारात सगळ्यात काय आवडलं असेल तर हे, की पत्ता जाहीर झाला आणि झाड धोक्यात आलं नाही. उलट सुरक्षित झालं. झाडाच्या मालकाला झाड उभं ठेवण्यात फायदा दिसला.

मामांच्या पळसाला असा गर नाही. पिवळ्या फुलाला बाजारात गिऱ्हाईक नाही. जे गिऱ्हाईक आहे ते रात्री येतं. रोपवाटिकांना हौस असते खरी, पण ती कुठल्या दिशेला जाईल सांगता येत नाही. ‘पिवळा अशोक’ म्हणून जे झाड सर्रास विकलं जातं ते आपल्या सीतेच्या अशोकाचा वेगळा रंग नव्हेच. ती मलाया-थायलंडकडची निराळी जात आहे. गिऱ्हाइकाला पिवळं हवं होतं, पिवळं मिळालं. आणि खरा सीतेचा अशोक सह्याद्रीत साल काढून काढून विरळ होत गेला त्याची कुणाला खबर नाही.

येलहंक्याच्या दुसऱ्या टोकाला, जारकबंडे कावलच्या कडेला, औषधी वनस्पतींवर काम करणारी एफआरएलएचटी ही संस्था आहे. कावल म्हणजे राखीव कुरण-जंगल. निलगिरीनं बराचसा व्यापलेला असला तरी शहराच्या एवढ्या जवळ तो टिकला हेच खूप. ही संस्था १९९३ मध्ये सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी दर्शन शंकर त्याआधी आपल्याकडे कर्जतजवळ कशेळ्याला आदिवासींमध्ये काम करत होते. कर्जतच्या शेजारचं स्टेशन पळसदरी आहे, हा योगायोग मी उगाच नोंदवते. या लोकांनी औषधी वनस्पतींसाठी एक वेगळीच कल्पना राबवली. बागेत दोन रोपं लावून समाधान मानायचं नाही. जंगलातलाच दोनशे हेक्टरच्या आसपासचा तुकडा निवडायचा, तिथे ती वनस्पती आपल्या सगळ्या भाऊबंदांसह जशी आहे तशी राहू द्यायची. आधी कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, पुढे महाराष्ट्रातही अशी क्षेत्रं झाली. त्या आवारात औषधी झाडांची बाग आहे, वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. तिथं फिरताना मला धुऱ्यावरच्या पळसाचं कोडं जरा सुटल्यासारखं वाटलं. कलम रंग राखतं. पण नवे रंग येण्याची शक्यता जिथं राहते ती जागा कलमात मावत नाही. ती त्या दोनशे हेक्टरांत असते, साध्यासुध्या झाडांच्या दाटीत, शिंजीर-खारींच्या येण्याजाण्यात.

या भागात अशा जागेला नाव देण्याची पद्धतही आहे. देवनहळ्ळीच्या पुढे नल्लूरला जुनाट चिंचांचं ५४ एकरांचं बन आहे. २००७ मध्ये ते देशातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरलं. येलहंक्याला लागून असलेलं कृषी विद्यापीठाचं जीकेव्हीके आवार २०१० मध्ये त्याच यादीत गेलं. आपल्याकडे पुण्याची १८७३ पासूनची गणेशखिंड बाग २०२० मध्ये घेतली गेली. नल्लूरच्या बनात गेलात तर एकेक चिंच म्हातारीसारखी पोकळ, गाठाळ. पण तिथं एखादंच झाड ‘मौल्यवान’ म्हणून पाटी लावलेलं नाही. सगळ्या बनालाच मान आहे. पळसाच्या माळाला असा मान कोण देणार? पळस सगळीकडे आहे. पडीक जमीन म्हणजे पळस, असं तर सातबाराही मनातल्या मनात म्हणत असेल.

आणि कायदा, याद्या, ॲप, सगळे जाती मोजतात. निसर्गातल्या नोंदींची जी मोठी ॲप आहेत त्यांत धोक्यातल्या जातीचं ठिकाण आपोआप धूसर केलं जातं. पळस ही जात धोक्यात नाही, त्यामुळे पिवळ्या पळसाचा फोटो कुणी टाकला आणि स्वतःहून ठिकाण लपवलं नाही, तर झाडाचा पत्ता अक्षांश-रेखांशासह जगासमोर. मामांना ॲप म्हणजे काय ते नीट माहीत नाही. पण त्यांचा नियम ॲपच्या नियमापेक्षा शहाणा आहे.

या फाल्गुनात मामांचा फोन आला. आवाजात विजय होता. गावात पांदण रस्त्याचं काम निघालं, जेसीबी आला, आखणी धुऱ्यावरूनच होती. मामा दिवसभर तिथं उभे राहिले, सरपंचाशी बोलले, ऑपरेटरला चहा पाजला आणि रस्ता चार हात सरकवला. पिवळा वाचला.

“आन् शेजारचे?” मी विचारलं.

“कोनते शेजारचे?”

“केशरी. त्याच्या अलीकडचे, ओढ्याकडचे.”

“ते गेले थोडे. ते त साधेच होते.”

मी त्यांना शिंजीराची गोष्ट सांगितली. आई-बापाकडून येणारा गुण, आत दडलेला पिवळा, सगळं. फोनवर हे सांगणं सोपं नाही, आणि मामांसारख्या माणसाला शाळेतल्यासारखं शिकवणं तर त्याहून अवघड. ते मध्ये एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजे गाय वाचवली आन् वळू कापून टाकला म्हन की.”

“सगळे नाही गेले ना?”

“नाई. ओढ्याच्या पल्याड हायेत धा-बारा. फुलावर हायेत आता.”

“मग त्यांच्याही पापड्या राखा. पिवळ्याच्या राखता तशाच.”

“केसरी पळसाच्या पापड्या? लोकं हासतीन मले.” पण हसत ते स्वतःच होते. “आन् कुठं पाठवू? बंगलोरले?”

“इकडे नको. इकडच्या मुत्तुगांचं इकडचे लोक बघतील. तिथंच धुऱ्यावर पडू द्या.”

“पाडाव्या कायले लागते, त्या सोताच पडते.”

“पण मग उन्हाळ्यात धुरा पेटवू नका.”

यावर मात्र मामा शेतकरी झाले. धुरा पेटवला नाही तर काडीकचरा, उंदीर, साप, पुढच्या हंगामात कीड; सगळ्या गावाचे धुरे मे महिन्यात काळे होतात, एकट्यानं ठेवला तर शेजारी बोलतो. मी ऐकून घेतलं. त्यांच्या जमिनीचं ओझं माझ्या खांद्यावर नाही, गच्चीवरच्या चार पिशव्यांपाशी बसून सल्ला देणं सोपं असतं. शेवटी आम्ही घासाघीस केली. ओढ्यापासून पिवळ्यापर्यंतचा तुकडा ते पेटवणार नाहीत, बाकीचा पेटवतील. मधे फावड्यानं एक पट्टा साफ करून घेतील, म्हणजे आग तिकडे सरकणार नाही. आणि शेजाऱ्यानं विचारलं तर सांगतील की भाचीनं बंगळुराहून काहीतरी खूळ पाठवलंय.

“पत्ता मात्र त्याले बी सांगनार नाई,” मामा म्हणाले, “तो रोज त्याच झाडाखाली जेवते तरी.”